जवळचें जग आणि भिंगाची निवड



चाळीसगांवच्या रेल्वे स्थानकाजवळ एक जुनें घर आहे. छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनीं आयुष्याचीं सुमारें पन्नास वर्षें तेथें जवळजवळ एकांतवासांत घालविलीं. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून विशाल निसर्गदृश्याचा भास निर्माण करणारीं त्यांचीं छायाचित्रें प्रसिद्ध आहेत. दूरचें दाखवावयाचें, पण कॅमेरा न्यावयाचा हातभर अंतरावर! भिंगाची खरी परीक्षा अशा जवळिकींतच होते.

डागेरची कृति १८३९ सालीं जाहीर झाली, तेव्हां भिंगें फार मंद होतीं. माणसाला कित्येक मिनिटें निश्चल बसावें लागे. पुढच्याच वर्षीं व्हिएन्नाचे गणितज्ञ योझेफ पेट्झव्हाल यांनीं गणित करून व्यक्तिचित्रांसाठीं वेगवान भिंग सिद्ध केलें. त्याचा मध्य रेखीव, कडा मात्र पुसट. चेहऱ्याला तें शोभतें. फुलाची पाकळी कडेला विरली तर मात्र चित्र फसतें. १८६६ सालीं लंडनचे डालमायर आणि म्युनिकचे स्टाइनहाइल यांनीं स्वतंत्रपणें नवी वाट काढली: दोन सारखे अर्ध समोरासमोर बसवावयाचे आणि मध्यें छिद्र ठेवावयाचें.

या समतोलाचें मर्म असें. वस्तु मूळ आकारानें उतरते तेव्हां तिचें भिंगापासूनचें अंतर आणि प्लेटचें अंतर समान होतें. अशा वेळीं पुढचा अर्ध रेषा वाकवील किंवा रंग फाकवील, तर मागचा अर्ध तो दोष बहुतांशीं भरून काढतो. १९०२ सालचें झाइसचें टेसर भिंग अत्यंत तल्लख खरें, पण तें मुख्यतः दूरच्या दृश्यांसाठीं आंखलेलें. उलट छपाईचे ब्लॉक करणाऱ्यांनीं गर्झचें आर्टार यासारखीं मंद, पण समतोल भिंगें पसंत केलीं. कारण त्यांचें सारें कामच जवळचें.

आतां आपल्याकडे येऊं. जळगांव-धुळ्याच्या शेतांत अमेरिकन कपाशीचें फूल सकाळीं फिकट पिवळें उमलतें आणि दुसऱ्या दिवशीं गुलाबी होऊन मिटूं लागतें. तें मूळ आकारानें टिपावयाचें, तर ६ इंची भिंगाला सुमारें १२ इंच लांब भाता हवा. १२ इंचीला २४. तीन इंचीला सहाच इंच पुरतात, पण मग कॅमेरा फुलावर इतका झुकतो, कीं त्याचीच सावली पडते. शिवाय भाता दुप्पट ताणला, कीं प्रकाश चौथाई उरतो. म्हणून उघडझांप चौपट वेळ द्यावी लागते. एफ/२२ चें छिद्र एफ/४४ सारखें वागतें. तेवढ्या वेळांत वाऱ्याची एक झुळूक सारें बिघडविते. मूस यांच्या बंद खोलींत वारा नव्हता. शेतांत पहाटेची शांत वेळ साधावी आणि आडोसा धरावा.

म्हणून हौशी माणसानें भिंगाच्या वेगाला भुलून पैसा खर्चूं नये. आधीं भाता मोजावा, मग भिंग कोणत्या अंतरासाठीं घडविलें आहे हें विचारावें. जुनें, मंद, समतोल भिंग कित्येकदां स्वस्तांत मिळतें; आणि एका दिवसाच्या फुलाची खरी नोंद तेंच ठेवतें.