हिचकॉकची खिडकी आणि 'पाठलाग'मधलं कोर्ट

आमच्या अवसरी खुर्दला सस्पेन्स म्हणजे काय हे समजवायला हिचकॉक लागत नाही. शेतीची लाईट रात्रीची असली की उसाला पाणी धरायलाही रात्रीच जावं लागतं. समजा एक माणूस बॅटरी घेऊन बांधावरून चाललाय आणि उसातून अचानक बिबट्या झेपावला. आपण दचकतो, दोन सेकंदांत विषय संपला. आता तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने बघा. बिबट्या सरीत दबा धरून बसलाय हे आपल्याला आधीच दिसलंय. माणूस मात्र निवांत आहे. तंबाखू मळतोय, मोटर चालू झाली का ते ऐकतोय. आता ती पाच मिनिटं संपता संपत नाहीत.

अल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत धक्का आणि सस्पेन्स यांतला हा फरक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितला होता. मी फक्त बॉम्ब काढून बिबट्या घातला. जुन्नर-आंबेगावात तोच जास्त ओळखीचा.

पण या उदाहरणात एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. आपण, म्हणजे प्रेक्षक, नक्की कुठे उभे असतो? आपल्याला माणूसही दिसतो आणि बिबट्याही. आपण दोघांनाही दिसत नाही. सस्पेन्स हवा असेल तर अशी लपून बघायची जागा लागतेच. थ्रिलरचा इतिहास मला बराचसा या जागेचा इतिहास वाटतो.

'रिअर विंडो' (1954) मी हॉस्टेलवर, मोबाईलवर पाहिला. पाय प्लास्टरमध्ये असलेला एक फोटोग्राफर खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांकडे बघत राहतो. कॉर्नेल वुलरिचच्या 1942च्या एका कथेवरून हा सिनेमा केला. त्यासाठी पॅरामाउंटच्या स्टुडिओत 31 फ्लॅट असलेलं अख्खं अंगण उभारलं होतं. उकाडा आहे, म्हणून सगळ्यांच्या खिडक्या उघड्या. एक नवविवाहित जोडपं, एक एकटी बाई, एक नाचणारी मुलगी, आणि एक सेल्समन, ज्याची बायको एके दिवशी दिसेनाशी होते. खून झालाय का, हा प्रश्न नंतर येतो. त्याच्या आधी अर्धा तास आपण काहीही कारण नसताना दुसऱ्यांच्या घरात बघत बसलेलो असतो आणि आपल्याला मजा येत असते. शेवटी तो सेल्समन मान वर करून थेट आपल्याकडे बघतो, तेव्हा अंगावर काटा येतो. त्याच्या हातात सुरा वगैरे काही नसतो. त्याने फक्त आपल्याला पाहिलेलं असतं.

माझ्या कामात 'सेशन रिप्ले' नावाची गोष्ट असते. ॲप वापरणाऱ्याचं बोट कुठे थांबलं, त्याने काय टाईप करून खोडलं, हे नंतर व्हिडिओसारखं बघता येतं. उद्देश बग शोधण्याचा असतो आणि बग खरंच सापडतात. पण एखादा माणूस चार वेळा फॉर्म भरतो, खोडतो आणि शेवटी न भरताच निघून जातो, तेव्हा बग बाजूला राहतो. हा थांबला का असेल, एवढंच डोक्यात फिरत राहतं. त्या फोटोग्राफरची खुर्ची तेव्हा फार लांबची वाटत नाही.

1960 साली हे दोनदा उघड्यावर आलं. मायकल पॉवेलच्या 'पीपिंग टॉम'मधला खुनी सिनेमाच्या युनिटमध्ये कॅमेऱ्याचं काम करतो आणि मरणाऱ्या बायकांचे चेहरे शूट करतो. ब्रिटिश समीक्षक इतके भडकले की पॉवेलची कारकीर्द जवळजवळ बसली. काही आठवड्यांनी आलेल्या 'सायको'त नॉर्मन बेट्स भिंतीवरचं चित्र काढून भोकाला डोळा लावतो आणि कॅमेरा आपल्यालाही तिथूनच बघायला लावतो. तो मात्र तुफान चालला. मला यात न्याय दिसत नाही. पॉवेलने प्रेक्षकाला 'हे तूच करतोयस' असं तोंडावर सांगितलं. हिचकॉकने तेच गुपचूप करून घेतलं.

मग मराठीत हे भोक कुठे आहे?

सुरुवातीलाच सापडतं. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागलेल्या फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती आणि तिच्या सख्या पाण्यात खेळत असतात आणि राजा तिथे येतो. ओल्या साड्या नेसलेले ते सगळे पुरुषच होते, कारण सिनेमात काम करायला बाई मिळत नव्हती. तारामती झालेले अण्णा साळुंके आधी हॉटेलात स्वयंपाकी होते. म्हणजे पडद्यावर बाई यायच्या आधीच तिला बघायची जागा तयार होती.

पण पुढे हिचकॉकसारखी खिडकी मराठी सिनेमात फारशी भेटत नाही. माझा अंदाज असा की चाळीत किंवा वाड्यात राहणाऱ्याला लपून बघायची गरजच नव्हती. दार उघडंच असायचं, भांडण ऐकू यायचं, कोण कुणाकडे आलं हे नळावर कळायचं. गावाकडे तर सिनेमाच तंबूत यायचा, जत्रेबरोबर. हे तंबू अगदी अलीकडेपर्यंत महाराष्ट्रात फिरत होते. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (2016) या माहितीपटात त्यांचे शेवटचे दिवस बघायला मिळतात. तिथे चोरून बघायचं ते कनातीच्या फटीतून, तिकीट वाचवायला. एकट्याने, अंधारात, गुपचूप हा प्रकार नाही. बघणं म्हणजे चारचौघांत बघणं.

म्हणून मराठी थ्रिलरला वेगळी जागा शोधावी लागली. ती सापडली कोर्टात.

राजा परांजपे यांचा 'पाठलाग' 1964चा. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कथेवरून केलेला. नायक डॉ. काशिनाथ घाणेकर, ज्यांच्यावरचा 2018चा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. वकिलाची बायको वारते. त्यानंतर पोलीस एका बाईला पकडतात. तिचा चेहरा हुबेहूब तसाच, आणि ती म्हणते, मीच ह्यांची बायको. (पुढचं सांगत नाही. साठ वर्षं झाली असली तरी स्पॉयलर तो स्पॉयलर.) यातल्या आशा भोसलेंच्या प्रसिद्ध गाण्यातही गदिमांनी डोळ्यांची पाखरं करून ती प्रिय माणसाभोवती फिरायला सोडली आहेत. प्रेमाचं गाणं आहे, पण या सिनेमात ऐकताना जरा भीतीच वाटते.

दोन वर्षांनी राज खोसलांनी यावरूनच हिंदीत 'मेरा साया' केला, साधना आणि सुनील दत्तला घेऊन. तो सापडायला सोपा आहे. त्यातली उलटतपासणी नीट बघा. वकील नवराच प्रश्न विचारतो. ती बाई आपण खरी आहोत हे सिद्ध करायला संसारातल्या खासगी गोष्टी एकेक करून सांगू लागते. फक्त बायकोलाच माहीत असणार अशी त्याच्या अंगावरची खूण, दोघांतले प्रसंग, डायरीत काय लिहिलंय ते. समोर न्यायाधीश, मागे खच्चून भरलेलं कोर्ट. इथे कुणाला पडद्यामागे लपावं लागत नाही. बघणाऱ्याला बसायला बाक आहे आणि बघण्याला 'पुरावा' असं नाव आहे. 'रिअर विंडो'तल्या फोटोग्राफरला निदान अपराधी तरी वाटतं. या बाकावर कुणाला काही वाटत नाही.

हे निव्वळ कल्पनेतलं नव्हतं. 1959 साली मुंबईत नानावटी खटला गाजला. पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडणारा नौदल अधिकारी, खासगी पत्रांचं वाचन, बाहेर गर्दी आणि 8 विरुद्ध 1 मतांनी ज्युरीने दिलेला 'निर्दोष'चा कौल, जो हायकोर्टाने फिरवला. 'पाठलाग' बघायला आलेल्या शहरी प्रेक्षकाने कोर्ट हा खेळ आधीच पाहिलेला होता.

याची सगळ्यात वाईट बाजू 1972 साली दिसली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. तिचं नाव कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे, म्हणून मी इथे घेत नाही. कोर्टात चर्चा झाली ती तिच्या आधीच्या शरीरसंबंधांची. 1978 साली सुप्रीम कोर्टाने आरोपींना सोडलं. त्यावर देशभर संताप झाला आणि 1983 साली कायदा बदलला. बलात्काराचे खटले बंद दाराआड चालवायचे आणि पीडितेची ओळख छापायची नाही, असं ठरलं. पुढे 2013 साली चोरून बघणं हा कलम 354सीखाली स्वतंत्र गुन्हा झाला, आणि लगेच पुढच्या 354डीमध्ये पाठलाग. आता भारतीय न्याय संहितेत ती 77 आणि 78 झाली आहेत. सिनेमाने ज्या दोन गोष्टींवर शंभर वर्षं तिकिटं विकली, त्या दंडसंहितेत शेजारी शेजारी बसल्या आहेत.

पण 1983च्या सोळा वर्षं आधीच एका नाटकाने त्या बाकावर बसलेल्यांना पकडलं होतं. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली रंगायनने केलं. मुंबईची एक हौशी नाटक मंडळी प्रयोगासाठी गावात येते आणि वेळ घालवायला खोटा खटला खेळते. आरोपी लीला बेणारे, शाळामास्तरीण. गंमत म्हणून सुरू झालेलं तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतं. दार बाहेरून अडकलेलं, ते उघडत नाही. एकेक सहकारी साक्षीदार होऊन पिंजऱ्यात येतो आणि तिच्याबद्दल चोरून पाहिलेलं, ऐकलेलं सांगतो. मला हा मराठीतला सर्वोत्तम सस्पेन्स वाटतो. बिबट्या आपल्याला पहिल्यापासून दिसत असतो आणि तो म्हणजे ती सगळी साधी, ओळखीची माणसं.

शेवटी कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं. ती खूप बोलते, पण तेवढ्यात रंगमंचावरचे बाकीचे सगळे गोठलेले असतात. इतका वेळ तिच्यावरून नजर न हटवणाऱ्यांपैकी कुणालाच ते ऐकू जात नाही. मग ते पुन्हा हलतात, शिक्षा सुनावतात. ती टेबलावर डोकं टेकून पडलेली असते, तेव्हा दार किलकिलं होतं. फटीतून गावातले काही चेहरे आत डोकावतात आणि विचारतात, खेळ सुरू झाला का?