कान, मनगट आणि एक जून

शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म १ जून १९६८ चा आहे. आई मात्र सांगायची, "पोयाच्या दिवशी, बैल वेशीत गेले व्हते तव्हा झाला तू." पोळा काही जूनमध्ये येत नाही. १९७४ साली वडील मला पहिलीत घालायला घेऊन गेले, तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारलीच नाही. मला जवळ बोलावलं, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लावला आणि म्हणाले, "धर कान." बोटांची टोकं डाव्या कानाच्या पाळीला टेकली. गुरुजींनी मान हलवली आणि रजिस्टरात १ जून लिहिलं. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्याच दिवशी जन्मलेली आहेत.

हे सगळं मी विसरलो होतो. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत भारत आणि कोलंबिया यांचा १७ वर्षांखालील विश्वचषकाचा सामना झाला. ८२व्या मिनिटाला संजीव स्टालिनने कॉर्नर घेतला, जॅक्सन सिंगने डोकं लावलं आणि फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल झाला. मिनिटभरातच कोलंबियाने परत गोल करून सामना २-१ असा नेला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच दिवसांत कुठंतरी वाचलं की या वयोगटाच्या स्पर्धांत मुलाचं वय बघायला त्याचं डावं मनगट एमआरआय यंत्रात घालतात. वाचता वाचता माझा हात आपोआप डोक्यावरून कानाकडे गेला. गुरुजींनीही वयाची साक्ष हातालाच विचारली होती! तेव्हापासून 'सतरा वर्षांखालील' या शब्दांची कुळकथा मी शोधतो आहे.

ठळक टप्पे चटकन सांगतो. १९४८ साली इंग्लंडमध्ये युरोपातल्या तरुण संघांची स्पर्धा झाली. १९५९ ला क्वालालंपूरमध्ये आशियाई युवा स्पर्धा सुरू झाली. १९७७ ला ट्युनिशियात फिफाची वीस वर्षांखालील स्पर्धा आली. त्याच साली सिंगापूरने सोळा वर्षांखालील मुलांसाठी लायन सिटी कप काढला. १९८२ चा तो कप फिफाचे सरचिटणीस सेप ब्लाटर यांनी पाहिला, आणि त्यातून १९८५ ला चीनमध्ये सोळा वर्षांखालील पहिली जागतिक स्पर्धा उभी राहिली. नायजेरियाने पश्चिम जर्मनीला हरवून ती जिंकली. १९९१ पासून सोळाचं सतरा झालं. म्हणजे हे रोप आशियातलं, सिंगापूरच्या मातीतलं. हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

माझं मन मात्र अडकलं ते तारखेत. सोळा वर्षांखालील म्हणजे कोणत्या दिवशी सोळा? आज उत्तर सोपं आहे: १ जानेवारी. २०१७ च्या स्पर्धेला १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेलीच मुलं चालत होती. पण नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ही रेघ १ ऑगस्टला होती. १९८५ च्या स्पर्धेला मुलगा १ ऑगस्ट १९६८ नंतरचा हवा होता. हा ऑगस्ट आला कुठून?

सहज सुचणारं उत्तर म्हणजे शाळा. युरोपातलं शैक्षणिक वर्ष उन्हाळ्यानंतर सुरू होतं, तेच फुटबॉलने उचललं असेल. मला हे पटत नाही. इंग्लंडमधल्या शाळांची रेघ १ सप्टेंबरची आहे. बेल्जियममध्ये तर शाळाप्रवेश जानेवारी ते डिसेंबर अशा जन्मवर्षाने होतो, तरीही तिथला फुटबॉल १९९७ पर्यंत १ ऑगस्टच धरून होता. शाळेची रेघ हाताशी असताना वेगळी कशाला घेतली? कारण ऑगस्टमध्ये युरोपात फुटबॉलचा हंगाम उघडतो. मुलाचं वय हंगामाच्या पहिल्या दिवशी मोजलं गेलं, शाळेच्या नव्हे. माझ्या मते १ ऑगस्ट हे त्यांचं मृग नक्षत्र आहे.

आणि इथंच आमची १ जून तिला येऊन भेटते. या तारखेचा एक लोकप्रिय खुलासा असा, की गुरुजी दूरदृष्टीचे होते: वय कमीत कमी लावलं की पुढं नोकरीत वर्षभर जास्त मिळेल. दर ३१ मे रोजी महाराष्ट्रात सरकारी नोकरांची फौजच्या फौज निवृत्त होते, ते बघून ही कथा खरी वाटते. पण केळीच्या मळ्यात राबणाऱ्या बापाच्या पोराची निवृत्ती १९७४ साली कोणाच्या डोक्यात असणार? दुसरा खुलासा असा, की खेड्यात जन्मनोंदच नव्हती. तोही खोटा. कोतवाल बुक होतं, गाव नमुना नंबर १४, त्यात जन्म-मृत्यू लिहिले जात. मग गुरुजींनी ते का पाहिलं नाही? मला दिसतं ते कारण असं: बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असे, बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. चार भावंडांच्या घरात कोणता 'मुलगा' कोणता, हे त्या पानावरून कळत नसे. तेव्हा गुरुजींनी शाळा उघडायचा महिना घेतला आणि त्याची पहिली तारीख टाकली. आखाजीला आलेल्या माहेरवाशिणी परतलेल्या, मृग तोंडावर, पेरणीच्या आधी पोरं गोळा करायची. युरोपने हंगामावर वय बांधलं आणि आम्हीही हंगामावरच बांधलं.

आमच्याकडची केळी बघा. जून-जुलैत लावली ती मृगबाग, पावसाळा सरताना लावली ती कांदेबाग. मृगबागेतली सगळी झाडं कागदावर एका वयाची. पण निसवण एकदम होते का? एका ओळीतलं झाड कमळ बाहेर टाकतं तेव्हा शेजारचं अजून पानंच काढत असतं. घड कापायला आला का, हे शेतकरी लागवडीच्या तारखेवरून ठरवत नाही. केळ बोटांत धरून फिरवतो. कडा बोटाला लागल्या तर कोवळं, कडा बुजून गोलाई आली की कापणी.

मनगटाचं गणित नेमकं हेच आहे. कोपरापासून मनगटापर्यंत येणाऱ्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते. हाड तिथून लांबी घेतं. वाढ पुरी होत आली की ती पट्टी हाडात विरत जाते, केळाच्या कडेसारखी. १९५० साली ग्रॉयलिक आणि पाईल यांनी हाताच्या क्ष-किरण चित्रांचा नकाशासंग्रह छापला, तो अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या मुलांवर बेतलेला होता. पुढं टॅनर आणि व्हाइटहाउस यांनी ब्रिटिश मुलांवरून हाडागणिक गुण द्यायची पद्धत बसवली. निरोगी खेळाडूला नुसतं वय बघायला किरण द्यावेत का, हा प्रश्न होताच. म्हणून फिफाच्या डॉक्टरांनी एमआरआय घेतला. स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जेरिया आणि अर्जेंटिनाची मुलं तपासून सहा पायऱ्या ठरवल्या. सहावी पायरी म्हणजे पट्टी पूर्ण बुजलेली, आणि ती सतराच्या आतल्या मुलात जवळपास सापडत नाही. २००९ च्या नायजेरियातल्या स्पर्धेपासून ही तपासणी लागू झाली. मुलींची पट्टी लवकर बुजते, त्यामुळे ती मुलांपुरतीच राहिली.

ही वेळ का आली, त्याला मेक्सिकोत एक शब्दच आहे: 'काचिरुल'. १९८८ साली त्यांनी वीस वर्षांखालील संघात मोठी मुलं घुसवली आणि फिफाच्या बंदीमुळे सोल ऑलिंपिक आणि १९९० चा विश्वचषक, दोन्ही गमावले. खोटं वय लावून खेळणारा तो काचिरुल. तिकडे काचिरुलो नावाचं मुलांच्या दूरचित्रवाणीवरचं एक गाजलेलं पात्र होतं, मोठ्या माणसाने रंगवलेलं. शब्द तिथून आला असं म्हणण्याचा मोह होतो. मी दुसरीकडे झुकतो. तिकडच्या स्पॅनिशमध्ये घोडेस्वाराच्या विजारीला लावायच्या जोडकापडालाही काचिरुलो म्हणतात. संघाला लावलेलं ठिगळ! १९८९ चं सोळा वर्षांखालील जगज्जेतेपद सौदी अरेबियाने स्कॉटलंडमध्ये मिळवलं, त्यावरही वयाची कुजबुज झाली. मनगट तेव्हा कोणी बघितलं नाही, म्हणून मी ते जेतेपद पूर्ण मानतो.

कान धरायच्या कसोटीलाही परदेशी नाव आहे. जर्मन लोक तिला फिलिपिनो माप म्हणत आणि शाळेत घालण्याजोगं मूल ओळखायला वापरत. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या पाव हिश्शाएवढं, हात आखूड. सहाच्या सुमारास हाताची लांबी डोक्याच्या वळणाला पुरते. आमच्या गुरुजींना ही कसोटी फिलिपिन्समधून मिळाली असं मी मानायला तयार नाही. पोर आणि कान सगळीकडे आहेत, युक्ती सगळीकडे सुचली असणार.

रेघ हलली की नशीब कसं हलतं तेही पाहा. १९८५ चा सर्वाधिक गोल करणारा मार्सेल विटेचेक १८ ऑक्टोबर १९६८ चा. १९८९ ला खेळलेला लुईस फिगो ४ नोव्हेंबरचा, १९९१ चा देल पिएरो ९ नोव्हेंबरचा. ऑगस्टच्या रेघेनंतर लगेच जन्मलेली, त्या गटातली थोरली पोरं. रेघ जानेवारीला गेली आणि २००७ च्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला टोनी क्रूस, जन्म ४ जानेवारी. मृगबागेत आधी निसवलेलं झाड.

आपल्या मुलांचा हिशेब या रेघांच्या आतलाच. मी पहिलीत गेलो त्या १९७४ मध्ये शब्बीर अलीच्या संघाने बँकॉकला इराणशी २-२ बरोबरी करून आशियाई युवा विजेतेपद वाटून घेतलं. २००२ ला सोळा-सतराच्या मुलांनी आशियाई उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०१७ ला यजमान म्हणून तिन्ही सामने हरलो. २०१८ ला बिबियानो फर्नांडिस यांची मुलं मलेशियात परत उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली आणि दक्षिण कोरियाकडून ०-१ ने हरली. तो एक सामना जिंकला असता तर विश्वचषक मैदानावर कमावलेला असता. २०१७ च्या गोलापेक्षा मला ही हार मोठी वाटते.

मागच्या वर्षी यावलच्या तहसील कचेरीत जाऊन आमच्या गावचं कोतवाल बुक काढायला लावलं. पानं पिवळी, कडा खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. १९८५ च्या चीनच्या स्पर्धेला दाखल्यावरचा मी दोन महिन्यांनी थोराड ठरलो असतो. बोट खाली नेत गेलो. वडिलांचं नाव होतं. पुढं 'मुलगा'. तारीख २३ ऑगस्ट १९६८, रेघेच्या बावीस दिवस आत. घरी येऊन जुनं पंचांग काढलं. त्या साली श्रावणातली अमावास्या २३ ऑगस्टलाच होती.