धावत्या कोळ्याची नावनिशी



भाद्रपद सरत आला की बांधावरचे गवत कमरेला लागते. अशा वेळी सकाळच्या उन्हात बांधावर जरा बसून पाहा. एखाद्या पात्यावर वाळक्या काडीचा बारीकसा तुकडा चिकटल्यासारखा दिसेल. बोट जवळ न्या. ती काडी झटकन पात्याच्या पलीकडच्या अंगाला जाईल. पलीकडून बोट न्या, की पुन्हा अलीकडे येईल. आता नीट न्याहाळा. पुढचे चार पाय पुढे ताणलेले, मागचे मागे ताणलेले, अंग वाळल्या गवताच्या रंगाचे आणि पाठीवरून एक गडद रेघ. ती काडी नव्हेच. तो कोळी आहे. त्याने जाळे विणलेले नाही, कारण तो जाळ्याच्या भरवशावर जगतच नाही. तो दबा धरतो, धावतो आणि किडा पकडतो.

आता शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारा, "बाळ, ह्याचं नाव काय?" तो म्हणेल, "कोळी." दाराच्या चौकटीत जाळे विणतो तोही कोळी, भिंतीवर टुणकन उडी मारतो तोही कोळी, आणि हा गवतावरचाही कोळीच. गवताला मात्र तो पोरगा मारवेल, कुसळी, पवन्या अशी निरनिराळी नावे सांगेल. भाताच्या वाणांना, बैलाच्या रंगाला, त्याच्या शिंगांच्या वळणाला आपल्या भाषेत नावे आहेत, कारण त्यांच्याशी आपला रोजचा व्यवहार. कोळ्याशी आपला व्यवहार केरसुणीपुरता. म्हणून एका शब्दावर भागले.

पण ह्या गवतातल्या काडीलाही नाव आहे, आडनाव आहे, कूळ आहे. ते कुणी दिले, कसे बदलत गेले, आणि त्याचा तुम्हांआम्हांला काय उपयोग, हेच आज सांगायचे आहे.

गोष्ट सुरू होते स्वीडन देशात. स्टॉकहोम शहरात कार्ल क्लेर्क नावाचे एक गृहस्थ करखात्यात नोकरीला होते. पैशाच्या अडचणीमुळे त्यांचे विद्यापीठातले शिक्षण अर्धवट राहिले होते. १७३९ साली त्यांनी लिनियस ह्या थोर निसर्गशास्त्रज्ञाचे व्याख्यान ऐकले आणि त्यांना ह्या विषयाची गोडी लागली. कचेरीचे काम सांभाळून ते कोळी पाहू लागले, चितारू लागले. १७५७ साली त्यांचे स्वीडनमधल्या कोळ्यांवरचे पुस्तक निघाले. त्यात प्रत्येक कोळ्याचे वर्णन होते, हाताने रंगवलेले चित्र होते आणि प्रत्येकाला दोन शब्दांचे नाव होते.

दोन शब्दांचे नाव म्हणजे काय, ते समजायला सोपे आहे. मतदारयादीत जसे आडनाव आधी आणि नाव मागून येते, तसेच इथे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे घराण्याचा; दुसरा त्या एका जातीचा. अशा अनेक प्रजाती मिळून एक कुल होते. क्लेर्कसाहेबांच्या यादीत एकाचे नाव ऑरिओलस, म्हणजे सोनेरी. दुसऱ्याचे मार्गारिटाटस, म्हणजे मोत्यांनी मढवलेला. तिसऱ्याचे फॉर्मिसिनस, म्हणजे मुंगीसारखा. हे तिघेही आपल्या बांधावरच्या कोळ्याचे भाऊबंद. पण आडनाव मात्र सगळ्यांचे एकच होते, अरेनियस. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ नुसता कोळी! म्हणजे तेव्हा पंडितांची गतही आपल्या त्या पोरासारखीच होती म्हणा ना.

पुढच्याच वर्षी, १७५८ साली, लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. साऱ्या प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत तिने घालून दिली. नंतरच्या शास्त्रज्ञांनी ठरवले की प्राण्यांच्या नावांची मोजणी १ जानेवारी १७५८ पासून धरायची. त्याआधीची नावे जमेस धरायची नाहीत. मग क्लेर्कचे काय? तो तर एक वर्ष आधीचा. नियम करणाऱ्यांनी त्या एका पुस्तकापुरता अपवाद केला. क्लेर्कचे पुस्तकही त्याच दिवशी निघाले असे समजायचे आणि कोळ्यांच्या बाबतीत त्याचा मान लिनियसच्याही आधी धरायचा, असे नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे. साऱ्या प्राणिसृष्टीत हा मान त्या एकट्या कर-अधिकाऱ्याच्या पुस्तकाला मिळाला आहे.

पुढची पायरी फ्रान्समधली. वाल्केनेर नावाचे गृहस्थ सरकारी नोकरीत होते आणि पुढे प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरासारखे अधिकारी झाले. त्यांनी कोळ्यांची चाल पाहिली. काही कोळ्यांचे पाय पुढे-मागे न वळता आडवे पसरलेले असतात, त्यामुळे ते खेकड्यासारखे तिरके सरकतात. अशा कोळ्यांसाठी १८०५ साली त्यांनी थोमिसस ही प्रजाती काढली. फुलात बसून माशी पकडणारा पांढरा-पिवळा कोळी तुम्ही पाहिला असेल, तो ह्या खेकडा-कोळ्यांपैकी.

पण वाल्केनेर तेवढ्यावर थांबले नाहीत. फुलावरचा खेकडा-कोळी पुढचे चार पाय पसरून एका जागी बसून राहतो. ते पाय मागच्या पायांपेक्षा चांगलेच लांब आणि दणकट असतात. ह्या दुसऱ्या मंडळींचे पाय मात्र बरेचसे सारखे, सडपातळ, त्यांतली दुसरी जोडी अधिक लांब, आणि चाल वाऱ्यासारखी. पायांच्या टोकांशी बारीक केसांचे झुबके असल्यामुळे ते उभ्या, गुळगुळीत पृष्ठभागावरही घसरत नाहीत. १८२६ साली वाल्केनेरनी त्यांना वेगळे आडनाव दिले: फिलोड्रोमस. ग्रीक भाषेत फिलो म्हणजे आवड आणि ड्रोमस म्हणजे धाव. धावण्याची आवड असलेला तो फिलोड्रोमस!

मग घर वाढत गेले. कार्ल लुडविग कोख हे जर्मनीतल्या जंगलखात्याचे अधिकारी. त्यांनी १८३७ साली ह्यांतल्याच काहींसाठी थॅनेटस ही प्रजाती काढली. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ मृत्यू. किड्यांच्या दृष्टीने पाहिले तर नाव अगदीच चुकले असे म्हणवत नाही. माणसाला मात्र ह्या कोळ्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. १८७५ साली फ्रान्सच्या यूजेन सिमाँ ह्यांनी लांबट, काडीसारख्या कोळ्यांना टिबेलस हे आडनाव दिले. आपल्या बांधावरची काडी ती हीच.

इथे एक गंमत सांगतो. आजच्या ग्रंथात सोनेरी कोळ्याचे नाव असे छापतात: फिलोड्रोमस ऑरिओलस, आणि पुढे कंसात क्लेर्क, १७५७. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडला की त्या माणसाचा संबंध संपला असे आपण समजतो. इथे नेमके उलट आहे. हा कंस सांगतो की नाव क्लेर्कनेच दिले आहे, मात्र तेव्हा हा कोळी दुसऱ्या घराण्यात लिहिला होता. फेरफार झाला, आडनाव बदलले, पण पहिली नोंद करणाऱ्याचा हक्क कुणी पुसला नाही.

आडनावे झाली. राहिला प्रश्न कुलाचा. स्वीडनच्या थोरेल ह्यांनी १८६९ साली ह्या धावत्या मंडळींचा एक गट मांडला. तरीसुद्धा पुढची शंभर वर्षे बहुतेक पंडित त्यांना खेकडा-कोळ्यांच्या मोठ्या कुलातले एक उपकुलच मानत राहिले. कारण उघड होते. पाय आडवे, चाल तिरकी. मग भाऊबंद नाहीत तर काय? १९७५ साली होमान ह्या जर्मन संशोधकाने पाय सोडले आणि डोळे पाहिले. कोळ्याला बहुधा आठ डोळे असतात. त्या डोळ्यांची आतली रचना तपासली तेव्हा खेकडा-कोळी आणि धावते कोळी ह्यांच्यातला फरक स्पष्ट झाला. तेव्हापासून धावत्या कोळ्यांचे स्वतंत्र कुल रूढ झाले. त्याचे नाव फिलोड्रोमिडी.

गेल्या काही वर्षांत पेशींमधल्या आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची तुलना करून कोळ्यांची वंशावळ नव्याने मांडली गेली. तिनेही तोच कौल दिला. फुलावरचे खेकडा-कोळी हे जमिनीवर पळणाऱ्या लांडगा-कोळ्यांच्या बाजूला गेले. धावते कोळी गेले ते भिंतीवर उड्या मारणारे कोळी ज्या मोठ्या गटात आहेत त्या गटात. म्हणजे आडव्या पायांचे साम्य हे एका रक्ताचे साम्य नव्हे. दोन वेगळ्या घरांतल्या माणसांची चाल सारखी असावी, तसा हा प्रकार. वरच्या रूपावरून नाते जोडू नये, हे आपले वाडवडील सांगत आलेच आहेत. ते कोळ्यांनाही लागू पडले.

आता आपल्या घराकडे येऊ. भारतातल्या कोळ्यांचा कसून अभ्यास करणाऱ्यांत बी. के. टिकादर ह्यांचे नाव पुढे येते. ते भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत होते आणि पुढे तिचे संचालक झाले. १९६२ साली त्यांनी टिबेलस प्रजातीतल्या काही नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांची नावे ऐका: टिबेलस पूनाएन्सिस, टिबेलस कात्रजघाटस, टिबेलस चतुरशिंगी. पुढे १९८० साली आणखी एक आली, टिबेलस पाषाणेन्सिस. पुणे, कात्रजचा घाट, चतुःशृंगीची टेकडी आणि पाषाण! जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात ह्या कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्याला आपल्या ह्या गावाघाटांची नावे उच्चारावी लागतात.

चतुःशृंगीचे नाव रोमन लिपीत लिहिताना मधला 'र' गळाला, हे तुमच्या ध्यानात आले असेल. गुरुजी म्हणतील, मग दुरुस्त का करत नाहीत? नियम असा आहे की पहिल्या छापील नोंदीतले लेखन तसेच ठेवायचे. ती अनवधानाची चूक होती असे त्याच लेखातून उघड होत असेल, तरच हात लावायचा. ज्याने त्याने आपापल्या मताने नाव सुधारायला घेतले, तर एका कोळ्याची दहा नावे होतील आणि कोण कशाबद्दल बोलतो आहे ते कुणालाच कळणार नाही. नावाचे पहिले काम सुंदर असणे हे नव्हे. सगळ्यांना एकच वस्तू दाखवणे हे आहे.

आणखी एक ध्यानात घ्या. १९८० सालचा टिकादरांचा भारतातल्या खेकडा-कोळ्यांवरचा ग्रंथ निघाला, तेव्हा त्यांनी टिबेलस जुन्या वहिवाटीप्रमाणे खेकडा-कोळ्यांच्या कुलातच घातला होता. होमानचे काम होऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. आज आपण तो वेगळ्या कुलात लिहितो. त्याने टिकादरांच्या कामाला उणेपणा येत नाही. कुल बदलले, पण कात्रजघाटस हे नाव आणि त्याचे वर्णन जागच्या जागी आहे. वर्गीकरण हे मत आहे, ते पुराव्याने बदलते. नाव ही नोंद आहे, ती टिकते.

धावत्या कोळ्यांच्या पाचशेहून अधिक जाती आज जगात नोंदल्या आहेत. सगळ्या कोळ्यांची बेरीज २०२२ साली पन्नास हजारांवर गेली. तरी नोंद पुरी झालेली नाही. आता खरा प्रश्न विचारतो. नाव कागदावर टिकते, पण गवत? पाषाण आणि कात्रज ही आज शहराच्या पोटात आलेली ठिकाणे आहेत. गावोगावचे बांध दर वर्षी कोरले जातात, गायरान कमी होते, उरलेले गवत पेटवून दिले जाते. पिकावर फवारणी केली की तुडतुड्याबरोबर त्याला खाणारा कोळीही जातो. युरोपातल्या फळबागांत फिलोड्रोमसचा अभ्यास झाला, तो हे कोळी झाडावरची कीड खातात म्हणूनच. ज्याला नाव नाही त्याची मोजदाद होत नाही, आणि ज्याची मोजदाद नाही तो नाहीसा झाला तरी कुणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून गुरुजींना एक विनंती आहे. मुलांना घेऊन एकदा बांधावर जा. झुडपाखाली पांढरा पंचा धरा आणि फांदी हलकेच झटका. जे कोळी पडतील ते पाहा, मारू नका. वहीत तारीख लिहा, जागा लिहा, गवताचे किंवा झाडाचे नाव लिहा. पायांची कोणती जोडी लांब आहे, कोळी बसून राहतो की धावतो, हे लिहा. नेमकी जात ओळखायला प्रौढ नर-मादीचे बारीक अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. ते काम तज्ज्ञांवर सोडा. पण क्लेर्क करवसुली करत होते, वाल्केनेर जिल्हा सांभाळत होते, कोख जंगल राखत होते. नोकरी सांभाळूनच त्यांनी डोळे उघडे ठेवले. तुमच्या शाळेच्या मागेही गवत आहेच.

शास्त्रीय नाव द्यायला वर्णन लागते, जपून ठेवलेला नमुना लागतो, छापील लेख लागतो. घरगुती नाव द्यायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. त्या पोराला पुन्हा विचारा, "बाळ, ह्याला काय म्हणू या?" तो कदाचित म्हणेल, "काडी-कोळी." म्हणू द्या. पुढच्या भाद्रपदात तो आपला काडी-कोळी शोधायला स्वतःहून बांधावर जाईल, आणि तिथे गवत नसले तर घरी येऊन ते कुठे गेले म्हणून विचारील.