मुंबईतील श्रमिक वस्त्या : आहार, बालआरोग्य आणि मातेचा वेळ (१९२१-१९२९)

शहरी गरीब वस्त्यांतील कुपोषणाची चर्चा करताना मातेचे अज्ञान हे कारण प्रथम पुढे केले जाते. हा आरोप नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात १९२१-२२ मध्ये झालेल्या सरकारी पाहण्यांमधील आकडेवारी मात्र वेगळे काही सांगते. प्रस्तुत लेखात त्या आकडेवारीच्या आधारे कुपोषणाचा प्रश्न धान्याइतकाच खोलीचा आणि मातेच्या वेळेचा कसा होता, याचा विचार केला आहे.

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने मे १९२१ ते एप्रिल १९२२ या काळात २,४७३ श्रमिक कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. फिंडले शिर्रास यांचा त्यावरील अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या कुटुंबांच्या खर्चापैकी ५६.८ टक्के रक्कम अन्नावर जात होती. ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती आणि ४७ टक्के कर्जबाजारी होती. आहाराचे मूल्यमापन करण्यासाठी दोन मापे वापरण्यात आली : दुष्काळ संहितेतील शिधा आणि तुरुंगातील शिधा. कामगाराला दुष्काळ संहितेने ठरविलेल्या कमाल धान्याइतके धान्य मिळत होते, परंतु तुरुंगातील कैद्यापेक्षा कमी. ज्याच्या श्रमावर शहर उभे होते त्याचे ताट मोजण्यासाठी शासनाला कैदी आणि दुष्काळग्रस्त यांखेरीज तिसरे माप सुचले नाही, ही बाबही नोंदविण्याजोगी आहे. शिवाय ही सरासरी होती. घरातील स्त्रियांच्या आणि मुलांच्या वाट्याला त्यातले किती येत असे, हे सरासरीवरून कळत नाही.

लहान मुलांची स्थिती डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांच्या पाहणीतून अधिक स्पष्ट होते. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. तिचे प्रचलित रूप म्हणजे बाळगोळी. दहा तासांच्या पाळीसाठी आई बाहेर पडे, तेव्हा मूल शेजारणीच्या किंवा घरातील म्हातारीच्या हवाली होई. गोळीने ते झोपे. आणि झोपलेले मूल दुधासाठी रडत नाही. अशा रीतीने मुलाची भूकच मुकी होत असे. याला अज्ञान म्हणणे सोपे आहे, परंतु पाळी चुकवली तर मजुरी बुडते, हे त्या आईला पुरते ठाऊक होते.

१९२१ च्या बालमृत्यूच्या आकड्यांतून खोलीचा परिणाम दिसतो. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे ८२८ अर्भके दगावल्याची नोंद आहे. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हेच प्रमाण १३३ होते. हे आकडे जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात व मूल घेऊन परतत. त्यामुळे जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची मुंबईत, असे घडून प्रमाण फुगत असे. तथापि एवढी सूट देऊनही दोन टोकांमधील अंतर मिटत नाही.

या प्रश्नाला कायद्याने पहिले उत्तर १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ अधिनियमाने दिले. १९२८ मध्ये विधिमंडळातील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाला पाठिंबा देताना, मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्याचा भार शासनानेही उचलावा, अशी भूमिका घेतली. प्रत्यक्षात भार मालकांवर राहिला आणि लाभ कारखान्यातील स्त्रियांपुरता. खानावळ चालविणारी, मोलकरीण किंवा पाटीवाली स्त्री त्यात कोठेच नव्हती.

पुढे चाळींच्या जोडीला झोपडपट्ट्या वाढल्या. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात तिच्यासाठी धारणीबरोबर धारावीचीही निवड झाली. बालकाचे वजन आणि पूरक आहार यांची सोय अंगणवाडीत झाली. पाण्याची मात्र तशी झाली नाही. अनधिकृत झोपड्यांतील रहिवाशांनाही पाणीपुरवठा करण्याचे धोरण आखावे, असे मुंबई उच्च न्यायालयाला महापालिकेस सांगावे लागले ते डिसेंबर २०१४ मध्ये.