बुरशीचं खाद्य जनावराला, विष दुधात : अफ्लाटॉक्सिन म्हणजे काय, काळजी काय घ्यावी

पावसात भिजलेला मका व्यापारी घेत नाही. मग वाया कशाला घालवायचा म्हणून तो भरडून जनावरापुढं टाकला जातो. गाय खाते, दूधही देते. पण त्याच दुधातून बुरशीचं विष घरातल्या लेकराच्या पेल्यात येऊ शकतं.

हे विष कसलं?
ओल आणि उष्णता मिळाली की मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड यांवर हिरवट-पिवळी बुरशी धरते. त्यातली अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे १ लाख टर्की पक्षी मेले. दोष शेंगदाणा पेंडीत निघाला आणि हे विष जगाला कळलं. माणसात यामुळे यकृताचा कॅन्सर होऊ शकतो.

दुधात कसं उतरतं?
खाद्यातल्या 'बी-१' विषाचं जनावराच्या यकृतात 'एम-१' होतं आणि ते दुधात येतं. साधारण १ ते २ टक्के, जास्त दूध देणाऱ्या गायीत ६ टक्क्यांपर्यंतही. खराब खाद्य खाल्ल्यावर दिवसभरातच ते दुधात दिसतं. खाद्य बदललं की तीन-चार दिवसांत दूध बरंचसं साफ होतं. दूध उकळून मात्र हे विष जात नाही.

भारतात दुधात एम-१ ची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशभरातल्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने या मर्यादेबाहेर निघाले. म्हणजे दुधात पाणी नसलं तरी दूध चांगलंच असेल असं नाही.

अंड्यांचं काय?
अंड्यात हे विष दुधापेक्षा खूपच कमी उतरतं. पण कोंबडीचं यकृत बिघडतं, अंडी घटतात, रोग लवकर लागतात. नुकसान तिथंही आहेच.

काय करावं?
- मका चांगला वाळवूनच साठवावा. ओल १२-१३ टक्क्यांच्या वर नको.
- पेंडीची पोती जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून न ठेवता फळीवर ठेवावीत.
- पावसाळ्यात पेंड थोडी थोडी आणावी, जुनी आधी संपवावी.
- कुबट वास, गाठी किंवा रंग बदललेलं खाद्य टाकून द्यावं. दुभत्या आणि गाभण जनावरांना तर नकोच.
- मुरघास उघडल्यावर वरचा बुरशी आलेला थर काढून फेकावा.
- उन्हात घातल्यानं बुरशी मरेल, विष तसंच राहतं. चांगल्या खाद्यात मिसळूनही ते नाहीसं होत नाही.

जनावर चारा कमी खात असेल किंवा दूध अचानक घटलं असेल तर पशुवैद्यकाला दाखवताना गव्हाणीतलं खाद्यही दाखवावं. विष शोषणारी पावडर खाद्यात मिसळायची तर त्यांच्याच सल्ल्यानं.