दरबारच्या नोकरीतले क्रिकेट

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात क्रिकेट पाहायला गर्दी जमत असे, पण खेळणाऱ्याला त्यातून पोट भरण्याची सोय नव्हती. पालवणकर बाळू यांची पुण्यातली पहिली नोकरी पारशी क्लबच्या मैदानाची निगा राखण्याची होती, महिना तीन रुपयांची. पुढे इंग्रजांच्या क्लबात ते चार रुपयांवर गेले. तिथे नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करून त्यांची फिरकी घडली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. चर्मकार जातीच्या या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे आले.

खेळावर जगण्याचा दुसरा मार्ग संस्थानिकांच्या दरबारातून जात होता. तेव्हाच्या मध्य प्रांताची राजधानी होती नागपूर. तिथेच ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सी. के., जन्मले. १९२३ मध्ये होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. हुद्दा फौजेचा, काम मुख्यतः बॅटचे. हौशी आणि धंदेवाईक असा इंग्लंडमधला काटेकोर भेद इथे असा सोयीने पुसला गेला.

१ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर आर्थर गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध सी. कें.नी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यात ११ षटकार होते. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. त्याच दौऱ्यात एजबॅस्टनला त्यांनी मारलेला एक षटकार रिया नदीपलीकडे, म्हणजे दुसऱ्या काउंटीत पडला, असे सांगतात. कसोट्या त्यांच्या वाट्याला सातच आल्या.

त्यांचा धाकटा भाऊ सी. एस. हाही नागपूरचाच. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून त्याने मुंबईविरुद्ध ९१७ चेंडू टाकले आणि ४२८ धावांत ११ बळी घेतले. एवढी मजुरी करूनही होळकर हरले. लष्करी नोकरीनिमित्त महूला आलेला डेनिस कॉम्प्टन त्याच सामन्यात होळकरांकडून नाबाद २४९ धावा करून गेला. सी. कें.च्या कर्णधारपदाखाली या संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला.

संस्थाने विलीन झाली आणि १९५४-५५ च्या हंगामानंतर होळकर संघही राहिला नाही. सी. के. मात्र खेळतच होते. १९५६-५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजीत उतरले. शेवटचा प्रथम श्रेणी सामना ते १९६३-६४ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी खेळले. १९१६-१७ मध्ये सुरू झालेली ही कारकीर्द तेव्हा कुठे संपली.