बेळगावचा किल्ला
बेळगावचे नाव निघाले की सीमाप्रश्न आधी आठवतो. त्या वादाहून कितीतरी जुना किल्ला मात्र विस्मरणात राहतो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने इ. स. १२०४ मध्ये येथे जैन बसदी उभारली. छतातील दगडी कमळावरून ती ‘कमल बसदी’ म्हणून ओळखली जाते. त्याच तटाच्या आत विजापूरचा सरदार असदखान लारी याने १५१९ मध्ये बांधलेली सफा मशीद आहे. तटाबाहेर, टिळकवाडीतील काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनाची साक्ष देते. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव काँग्रेस अधिवेशन. आम्हांस वाटते, की या वास्तूंना भाषेच्या वाटणीत ओढू नये. त्या पाहणे व जपणे हे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही बेळगावकरांचे कर्तव्य आहे.